वीस टक्क्यांचा गुडघा

नानांच्या उजव्या गुडघ्याला वीस टक्के पडले, ही बातमी निवृत्त सैनिकांच्या त्या वसाहतीत संध्याकाळपर्यंत सगळ्यांना कळली.

"वीस?" नानांचे बुद्धिबळातले जोडीदार शिरस्तेदार म्हणाले. "अहो, वीस टक्क्यांत शाळेतसुद्धा कोणी वर ढकलत नाही!"

प्रश्न अर्थात वर ढकलण्याचा नव्हता, खाली आणण्याचा होता. नाना राहायचे सगळ्यात वरच्या मजल्यावर. वसाहतीचा नियम असा, की वैद्यकीय मंडळाने ज्याला चाळीस टक्के किंवा त्याहून जास्त अपंगत्व दिलं, त्याला तळमजल्यावरची जागा मागता येते. तळमजल्यावर कोपऱ्यातली एक जागा नुकतीच रिकामी झाली होती. पुढे झाड, झाडाखाली बाक, आणि बाकावर रोज संध्याकाळी बुद्धिबळाचा डाव. गुडघा बिघडल्यापासून नाना दिवसातून एकदाच खाली उतरत, तेही सकाळी. चढून आल्यावर त्यांचा चेहरा इतका शांत असे, की त्यांच्या पत्नी माई न विचारता पाण्याचा तांब्या पुढे करत. संध्याकाळचा डाव ते वरून, गॅलरीत उभे राहून खेळत.

"घोडा वजिराच्या पुढे!" नाना वरून ओरडत.

"ठेवला!" खालून शिरस्तेदार ओरडत. "पण नाना, तुमचा उंट मेला."

"कधी?"

"मघाशी. तुम्ही चहा घेत होतात तेव्हा."

इतक्या उंचीवरून पट दिसत असे, सोंगट्या ओळखू येत नसत. माणूस आपला उंट विश्वासावर किती दिवस सोडणार? नानांना ती जागा हवी होती ती एवढ्याचसाठी, निदान सांगायला तरी. रोज भाजीची पिशवी वर आणताना मधल्या जिन्यात माई थांबतात, हे त्यांनी पाहिलं होतं. पण ते कारण त्यांनी कोणाला सांगितलं नव्हतं.

वीस टक्के का पडले, हे खरं तर सरळ होतं. तपासायला आलेला डॉक्टर वयाने नानांच्या धाकट्या मुलीएवढा, पण गणवेशात होता. खांद्यावरच्या पट्ट्या दिसल्याबरोबर नाना खुर्चीतून ताडकन उठले, टाचा जुळवल्या आणि छाती पुढे काढली.

"कसा आहे गुडघा?"

"एकदम ठणठणीत, साहेब!"

"वाकवा." नानांनी वाकवला. "चालून दाखवा." नानांनी चालून दाखवलं, दाराजवळ पोचल्यावर शिस्तीत मागे वळून दाखवलं, आणि त्याने न मागता परतही आले. डॉक्टरने वीस टक्के दिले. माईंचं म्हणणं होतं की तोच उदार माणूस होता. दुसऱ्या कोणी नानांना परत नोकरीत घेतलं असतं.

"अहो, दुखतं असं म्हणायला तुमची जीभ झडत होती का?" माईंनी विचारलं.

उत्तर लांबचं होतं, आणि एका नदीच्या काठावर होतं.

नाना पूल बांधणाऱ्या तुकडीत होते. कायमचे पूल नव्हेत, तात्पुरते लोखंडी पूल. गाड्यांतून तुकडे आणायचे, काठावर जोडायचे, जोडलेला सांगाडा रुळांवरून पलीकडे ढकलायचा आणि काम झालं की काढून घ्यायचा. एक तुकडा सहा जण उचलत. दोन्ही बाजूंनी आडव्या दांड्या घालायच्या, आणि ताल देणाऱ्याने हाक दिली की सगळ्यांनी एकदम उठायचं. ताल देणाऱ्याचं नाव भोंगा. सकाळी नदीवर धुकं असे, समोरचा काठ दिसत नसे, आणि त्या पांढऱ्या भिंतीतून भोंग्याचा आवाज परत येई, तेव्हा पलीकडेही कोणी पूल बांधतंय असं वाटे. मग डब्यांच्या झाकणांतून चहा. त्या चहाला लोखंडाची चव होती आणि तसला चहा नंतर कुठे मिळाला नाही, असं नाना म्हणत. माई त्यावर म्हणत, "देवाची कृपा."

तर सहा जणांनी उचललेल्या तुकड्याचं गणित असं: एकाने अंग चोरलं, की त्याचा भार गुपचूप उरलेल्या पाचांवर जातो. म्हणून तिथे कोणी "दुखतं" म्हणत नसे. कोणी बंदी घातली नव्हती, म्हणण्याची पद्धतच नव्हती. "कसं काय?" याला उत्तर एकच, "ठणठणीत." ते उत्तर जिभेवर इतकं घट्ट बसलं होतं, की निवृत्तीनंतर दातांच्या डॉक्टरने कोणती दाढ दुखते विचारलं तेव्हाही नाना तोंड उघडं ठेवून तेच म्हणाले होते. शेवटी त्याने अंदाजाने एक काढली.

"अपील करायचं," शिरस्तेदारांनी त्याच संध्याकाळी वर येऊन जाहीर केलं. ते लष्करी न्यायालयात कारकून होते. निवृत्तीनंतर अपील करण्याजोगं काही हाती लागत नव्हतं, म्हणून त्यांची तब्येत खालावत चालली होती. त्या दिवशी ते जिना तरुणासारखे चढले. नानांच्या समोर बसून, चष्मा पुसून, त्यांनी लिहायला घेतलं: "सदर अपीलकर्त्याचा उक्त गुडघा..."

"उक्त म्हणजे?" माईंनी विचारलं.

"जो वर सांगितला तो."

"वर कुठे सांगितलाय? तुम्ही तर आत्ता सुरुवात केलीत."

"वहिनी, कायद्यात गुडघा आधीच सांगितलेला असतो."

अपील चार प्रतींत झालं, सुरेख अक्षरात झालं, आणि अपिलात गुडघा डावा झाला. चूक शिरस्तेदारांची, पण सगळी त्यांची म्हणता येणार नाही. ते नानांच्या समोर बसले होते, आणि समोर बसून बुद्धिबळ खेळण्यात ज्याचं आयुष्य गेलं, त्याच्या डोक्यात समोरच्याच्या पटाला उजवं-डावं नसतंच, आपल्याकडून जे दिसतं तेच खरं. एक्स-रे उजव्या गुडघ्याचा, अपील डाव्याचं. दुरुस्तीचं प्रतिज्ञापत्र करा, प्रत्येक प्रतीवर सही करा, मग कार्यालयात जा.

कार्यालयातला कारकून भला होता. भला कारकून हा कडक कारकुनापेक्षा जास्त वेळ खातो, कारण त्याला मदत करायची असते.

"आजोबा, दुरुस्ती कशाला करता?" तो हळूच म्हणाला. "दोन्ही गुडघे लिहून टाका. वीस नि वीस, झाले चाळीस. मिळाली खालची जागा."

"माझा डावा निर्दोष आहे," नाना म्हणाले.

बरोबर नानांची भाची होती. तिचे आईवडील ती लहान असतानाच गेले, तेव्हापासून ती नानांकडेच वाढली होती, आणि नुकतीच भौतिकशास्त्रात पदवी घेऊन बसली होती. ती म्हणाली, "आणि टक्क्यांची अशी बेरीज होत नाही. वीस टक्के गेले की माणूस ऐंशी टक्के उरतो. दुसरे वीस त्या ऐंशीतले, म्हणजे सोळा. एकूण छत्तीस."

कारकुनाने नियमांचं पुस्तक उघडलं. खरंच छत्तीस. "म्हणजे दोन्ही गुडघे मोडले तरी तळमजला नाही?"

"नाही," भाची म्हणाली.

"मग काय मोडावं लागेल?" त्याने खऱ्या काळजीने विचारलं. नानांनी खुर्ची थोडी मागे सरकवली.

मग घटनेचा पुरावा.

"अपघात कुठे झाला?"

"पुलावर."

"पूल आहे?"

"काढला."

"कधी?"

"काम झाल्यावर. तो काढायचाच असतो."

"म्हणजे पूल नाही." कारकुनाने लिहिलं: पूल अस्तित्वात नाही. "साक्षीदार?"

"भोंगा."

"पूर्ण नाव?"

नाना आठवू लागले. इतकी वर्षं एका तंबूत झोपले, एका झाकणातून चहा प्याले, भोंग्याला घोरताना कोणत्या कुशीवर वळवायचं तेही त्यांना ठाऊक होतं. पूर्ण नाव कधी लागलंच नव्हतं. "तो वारला," ते शेवटी म्हणाले. कारकुनाने ते लिहिलं नाही. पेन खाली ठेवून त्याने चहा मागवला.

गुडघा कसा गेला ते भाचीला त्या दिवशी परतताना कळलं. सांधा जोडताना तुकडा दांडीवरून निसटला, खाली भोंग्याचा पाय होता, आणि नानांनी मध्ये गुडघा घातला. "हाताशी दुसरं काही नव्हतं," नाना म्हणाले, जणू दार उघडं राहावं म्हणून वीट लावली. तुकडीच्या रुग्णालयाने जुनी नोंद मात्र जपली होती. पुढच्याच महिन्यात तिची नक्कल आली आणि अपील दाखल झालं.

आता प्रश्न उरला नानांचा.

भाचीने मोजमाप हाती घेतलं. दोन लाकडी पट्ट्या एका स्क्रूने जोडल्या, मध्ये कंपासपेटीतला कोनमापक चिकटवला आणि रोज सकाळी गुडघा किती वाकतो ते लिहायला सुरुवात केली. हेतू स्वच्छ होता: मंडळापुढे बोलायला आकडे असावेत. पण आकडा दिसला की नानांमधला सैनिक जागा होई.

"काल किती होता?"

"त्र्याऐंशी."

"आज बघ." नाना दात आवळत. "किती?"

"सत्त्याऐंशी. मामा, अहो, असं नका करू!"

"चार अंश पुढे!" नाना घाम पुसत म्हणत. महिन्याभरात गुडघा सुधारू लागला. शिरस्तेदारांनी कपाळावर हात मारला. "अपीलकर्ताच विरुद्ध पक्षाला फितूर!"

"मामा," एकदा भाची पट्ट्या बाजूला ठेवून म्हणाली, "यात जिंकायचं नाही. खोटंही करायचं नाही. जिथे दुखायला लागेल, तिथे थांबायचं. एवढंच."

"दुखायला लागेल तिथे?" नानांनी जरा विचार केला. "मग वाकवायचाच कशाला? ते सरळ असतानाच दुखतं की."

स्वयंपाकघरात माईंच्या हातातली वाटी ओट्यावर जरा जोरात आपटली. त्या दिवसापासून भाची जिन्याचं शास्त्र सांगू लागली, की उतरताना गुडघ्यावर अंगाच्या वजनाच्या तिप्पट भार येतो.

"म्हणजे मी रोज माझ्यासारख्या तिघांना खाली आणतो?" नानांनी विचारलं. "तरीच गर्दी वाटते."

आणि मग चष्मेवाला आला. वसाहतीच्या फाटकाजवळ त्याचं चष्म्यांचं दुकान होतं आणि डोक्यात हौशी नाटक होतं. त्याचं निदान सरळ होतं: "नानांना दुखतं खरं, पण पोचत नाही. शेवटच्या रांगेपर्यंत वेदना पोचली पाहिजे." त्याने नानांना कण्हायला शिकवायचं ठरवलं. नानांचा "आई गं!" पहिल्याच तालमीला असा निघाला, की खाली झाडाखाली बसलेले तिघे निवृत्त जवान उठून उभे राहिले. आयुष्यभर लोखंडाच्या आवाजावर मात करून बोललेला माणूस तो, कण्हायचं म्हटलं तरी हुकूमच बाहेर पडे.

"जरा आतून," चष्मेवाला म्हणाला. "विव्हळा. खोल."

"आई गं!" नाना खोलातून गरजले.

"पाय ओढत या. पाठ वाकवा. चेहऱ्यावर पराभव."

पराभव हा शब्द चुकला. नाना सरळ झाले ते झालेच. तरी चष्मेवाल्याने हार मानली नाही. तो घरी जाऊन कुठल्याशा जुन्या नाटकातला अधिकाऱ्याचा कोट घालून आला, खांद्यावर पुठ्ठ्याच्या पट्ट्या. दारातून आत येऊन त्याने नाट्यमय आवाजात विचारलं, "कसा आहे गुडघा?"

"एकदम ठणठणीत, साहेब!" नाना उभे. पुठ्ठा आहे हे त्यांना दिसत होतं. पण टाचांना डोळे नसतात.

"मी हरलो," चष्मेवाला पट्ट्या काढत म्हणाला. माईंनी त्याला चहा दिला. तो पिऊन झाल्यावर तो नानांकडे बघत राहिला आणि वेगळ्याच आवाजात म्हणाला, "माझे वडील असेच होते हो."

अपिलाचा दिवस उजाडला. मंडळाची इमारत जुनी, दगडी, उंच छताची. तळमजल्यावर अभिलेख आणि वरच्या मजल्यावर तपासणी, कारण कागदांना जिना चढता येत नाही. शिरस्तेदारांनी पहिल्या पायरीपाशी नानांना अडवलं. "चढू नका! चढलात तर तोच पुरावा होईल!"

"न चढता तपासणी कशी होईल?"

हा मुद्दा शिरस्तेदारांनी विचारात घेतला नव्हता. ते तिथेच भिंतीला टेकून कायदा आठवत राहिले. नाना कठडा धरून वर गेले, मागे भाची, तिच्या मागे माई. वर बाकावर माई बसल्या. आत एकाच माणसाला सोबत नेता येत होतं. "तू जा," माई भाचीला म्हणाल्या. "मला नाही बघवायचं."

आत तीन डॉक्टर. मधल्या बाई होत्या, केस पिकलेले, गणवेश कडक, पट्ट्या भरपूर. भाचीने पट्ट्या मोजल्या आणि नानांच्या टाचांकडे बघितलं.

"या. कसा आहे गुडघा?"

नाना ताठ झाले. टाचा. छाती. भाचीने डोळे मिटले.

"एकदम ठणठणीत, बाईसाहेब!"

उजवीकडचा डॉक्टर लिहू लागला. डॉक्टरबाईंनी मात्र लिहिलं नाही. त्या फाईल चाळत होत्या. "बसा," त्या म्हणाल्या. "पुलांच्या तुकडीत होता तुम्ही?"

"हो, बाईसाहेब."

"शेवटची वर्षं काय काम होतं?"

"तपासणी. पूल जोडला की त्यावरून पहिली गाडी जायच्या आधी मी जायचो. पास की नापास, मी सांगायचो."

"कसं कळायचं?"

आणि नाना बोलू लागले. पूल कानाने तपासायचा, ते म्हणाले. सांध्यातल्या खिळ्यावर छोटा हातोडा मारायचा. घट्ट असला तर खणखणतो, झिजला असला तर थप्प असा आवाज येतो. मग मध्ये उभं राहायचं, डोळे मिटायचे, मागून एक माणूस चालवायचा. चांगला पूल पावलाबरोबर हलतो आणि पावलाबरोबर थांबतो. वाईट पूल माणूस थांबल्यावरही थोडा हलत राहतो. भोंगा म्हणायचा, "नाना, पूल खोटं बोलत नाही, त्याच्यावरून जाणारे बोलतात." एकदा खुद्द मोठे साहेब गाडी घेऊन काठावर उभे होते आणि नानांनी "नापास" म्हटलं होतं. साहेब तापले होते. नाना रस्त्यात उभे राहिले होते. सांगता सांगता नानांच्या चेहऱ्यावर ते धुकं आलं आणि खोलीतले तिघेही डॉक्टर काही क्षण नदीकाठी जाऊन उभे राहिले.

"साहेबांना नाही म्हणालात?" डॉक्टरबाईंनी विचारलं.

"माझ्याबद्दल असतं तर नसतो म्हणालो. पुलाबद्दल होतं."

डॉक्टरबाईंनी फाईल मिटली. "मग हा तपासा," त्या म्हणाल्या, आणि त्यांनी नानांच्या गुडघ्याकडे बोट केलं. "तपासनीस म्हणून. मला खरा अहवाल हवा."

नाना गुडघ्याकडे बघत राहिले. मग त्यांनी विजार वर केली, दोन्ही हात गुडघ्याच्या दोन्ही बाजूंना लावले, आणि तो सावकाश वाकवला. वाकवताना कान देऊन ऐकला. पुन्हा वाकवला. पहिल्यांदाच ते जोर लावत नव्हते. भाचीला तिच्या लाकडी पट्ट्या आठवल्या आणि उगीच लाज वाटली.

"सांधा झिजलेला," नाना म्हणाले. आवाज कामाचा होता, सपाट. "आतल्या बाजूला जास्त. आवाज कोरडा. बाजूला ढिलाई आहे, नसायला पाहिजे. भार नसतानाही..." ते थांबले. "भार नसतानाही शांत राहत नाही. रात्रीसुद्धा. चढावर निम्म्या ताकदीचा. उतारावर भरवसा नाही. जड वाहतूक बंद करावी. एकेकटा माणूस, सपाटीवर, हळू." त्यांनी विजार खाली केली, नीट झटकली. "नापास, बाईसाहेब."

उजवीकडचा डॉक्टर आता खरोखर लिहीत होता.

"केव्हापासून अशी अवस्था?"

"बऱ्याच वर्षांपासून."

"तपासनीस तुम्ही," डॉक्टरबाई म्हणाल्या, "मग इतकी वर्षं बंद का नाही केलात?"

नानांना प्रश्नाचं नवल वाटलं. "असा मध्येच बंद करता येत नाही, बाईसाहेब. पलीकडची माणसं यायची असतात."

डॉक्टरबाई टेबलावर पुढे झुकल्या.

"आली सगळी?"

"मोठी आली. धाकटी आली. ही," त्यांनी भाचीकडे न बघता मान हलवली, "यंदाच आली, पदवी घेऊन." मग जरा घुटमळून, "एक राहिलीय. बाहेर बाकावर बसलीय."

निकाल टपालाने कळवायचा, असा नियम होता. डॉक्टरबाईंनी नियम पाळला. फक्त कागदावर आकडा लिहिताना त्यांनी हात बाजूला घेतला आणि भाचीला तो वाचता यावा इतका वेळ पेन तसंच धरून ठेवलं. पन्नास. भाचीने इतक्या परीक्षा दिल्या, पण पन्नास टक्क्यांनी तिच्या डोळ्यांत पाणी कधी आलं नव्हतं.

बाहेर माई उठून उभ्या होत्या. भाचीने मान हलवली, आणि खालच्या शिरस्तेदारांना सांगायला दोन दोन पायऱ्या उड्या मारत ती पुढे गेली. नाना आणि माई जिन्याच्या तोंडाशी उरले. जिना दगडी, मध्ये झिजलेला, आणि उतरताना कठडा डाव्या हाताला.

नानांनी खाली बघितलं. मग उजवा हात बाजूला केला.

"अगं, जरा हात दे."

माईंनी त्यांच्याकडे बघितलं. लग्न झाल्यापासून नानांनी त्यांच्याकडे पाणी मागितलं होतं, बटणं मागितली होती, भांडणात माघार मागितली होती. हे नव्हतं मागितलं. त्यांनी हात दिला. दोघं एक पायरी उतरले, दुसरी उतरले.

"एवढं दाबू नका," माई म्हणाल्या. "खांदा दुखतो माझा."

नाना थांबले. "कोणता?"

"हाच."

"कधीपासून?"

"झाली असतील दहा-बारा वर्षं."

"आणि बोलली नाहीस?"

"कोणाशी बोलू?" माई म्हणाल्या. "घरात एकाच्या तोंडून तरी हूं का चूं निघालं होतं का कधी? मला वाटलं, आपल्याकडे पद्धतच नाही."

खालून शिरस्तेदारांचा आनंदाचा आरडाओरडा ऐकू येत होता. ते बहुधा पहारेकऱ्याला कलम समजावून सांगत होते. वरून दोन माणसं उतरायची होती, ती मागे खोळंबली. नानांनी त्यांच्याकडे लक्ष दिलं नाही. ते तिथेच, जिन्याच्या मध्ये, पायरीवर बसले, आणि माईंना शेजारी बसवलं.

"हात वर कर," ते म्हणाले. "हळू. दुखेल तिथे सांग."